केळीविषयक संकेतस्थळावर वाचक थांबावा, यासाठी रचना कशी असावी?

प्रश्न (यावल)

नमस्कार. आमच्या शेतकरी गटाने केळी लागवडीची मराठीत माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले आहे. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या अखेरीची लागवड) यांचे व्यवस्थापन, करपा हा पानांवरचा रोग, सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, पीलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेले पुढचे पीक) ठेवावी की मोडावी, अशा विषयांवर जाणकारांकडून लेख लिहून घेतले आहेत. मजकूर उपयोगाचा आहे असे वाचणारे सांगतात. तरीही गुगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनानुसार पुष्कळ लोक आल्या पावली परत जातात. मुखपृष्ठावर बागांची मोठी छायाचित्रे आपोआप सरकतात, त्याखाली मान्यवरांचे संदेश आणि सर्वांत शेवटी लेखांची यादी आहे. कोणतेही पान उघडताच व्हॉट्सॲप गटात सामील होण्याची चौकट समोर येते. कोणी व्हिडिओ वाढवा म्हणतात, कोणी रंग बदला म्हणतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (जळगाव)

भाऊ, रंग आणि व्हिडिओ हा नंतरचा विषय आहे. गुगलवर शोधून येणारा शेतकरी बहुधा थेट एखाद्या लेखावर उतरतो, मुखपृष्ठ त्याला दिसतही नाही; म्हणून प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद हाच तुमचा दरवाजा आहे असे समजून तो लिहावा. थंडीचे उदाहरण घ्या. पारा दहा अंशांखाली उतरला की केळीची वाढ थांबते आणि निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी घड अडकण्याची भीती असते. अशा रात्री फोन हातात घेणाऱ्याला आज काय करायचे एवढेच हवे असते. त्याच्यापुढे ‘केळी हे उष्ण कटिबंधातील पीक असून’ अशी प्रस्तावना आली तर तो परत फिरणारच. रात्री पाणी द्यावे, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा, पहाटे बागेच्या कडेने धूर करावा, हे पहिल्या चार ओळींत सांगा आणि त्यामागची कारणे खाली सविस्तर द्या.

उत्तर मिळाल्यावर त्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि वाचक टिकतो तो तिथे. थंडी ओसरल्यावर खताचा हप्ता कधी द्यायचा, याचा दुवा त्याच वाक्यात द्यावा. पानाच्या तळाशी ‘हेही वाचा’ म्हणून दहा असंबद्ध शीर्षके टाकून ते काम होत नाही.

वाचकाला स्वतःचा आकडा घालून पाहता येईल अशी एखादी सोयही ठेवा. लागवडीचे अंतर आणि क्षेत्र भरले की रोपांची संख्या सांगणारे साधे गणितयंत्र पुरेसे आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ रोपे बसतात, हे वाचण्यापेक्षा स्वतःच्या शेताचा हिशेब करून पाहण्यात माणूस अधिक रमतो आणि पुढच्या लागवडीला तेच पान पुन्हा उघडतो.

उत्तर (धुळे)

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु पान उघडलेच नाही तर पहिला परिच्छेद वाचणार कोण? पानावरील मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. मोबाइलने काढलेली छायाचित्रे जशीच्या तशी चढवली असतील, तर ती आकाराने लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रस्वरूपात ठेवा. प्रत्येक चित्राची रुंदी व उंची आधीच नोंदवा, म्हणजे वाचता वाचता मजकूर खाली सरकणार नाही. सरकती चित्रमालिका काढून एकच चांगले छायाचित्र ठेवावे. पान उघडताच येणारी चौकटही काढाच, कारण मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा चौकटी असलेली पाने गुगल जानेवारी २०१७ पासून शोधयादीत खाली ढकलू शकते.

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येत असल्याने इंग्रजीसाठी पुरणारे ओळींमधले अंतर आपल्याला अपुरे पडते. ते अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट, शक्यतो त्याहून थोडे अधिक असावे. तसेच एचटीएमएलमध्ये (पान ज्या संकेतांत लिहिले जाते त्यात) पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे, त्यात मग ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. शाळेच्या पुस्तकात पाहिलेले अक्षर समोर आले की डोळा अडखळत नाही.

उत्तर (नंदुरबार)

माझे मत थोडे वेगळे आहे. वाचक किती वेळ थांबला, यावरून संकेतस्थळाचे यश ठरवू नये. रोपांची संख्या पाहून लगेच शेताकडे निघालेला शेतकरी समाधानाने गेलेला असतो. सध्याच्या ॲनालिटिक्समध्ये भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती घडली, तर ती गुंतलेली भेट धरली जाते. म्हणून गणितयंत्राचा वापर ही महत्त्वाची कृती म्हणून नोंदवा, आणि किती वाचक पुन्हा येतात यावर लक्ष ठेवा. संकेतस्थळावरील शोधपेटीत लोक कोणते शब्द टाकतात, हेही तपासा. ज्या शब्दावर काहीच सापडत नाही, तो तुमच्या पुढच्या लेखाचा विषय आहे.

प्रश्नकर्ता (यावल)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकट आणि सरकती चित्रे काढतो, तसेच मान्यवरांचे संदेश ‘आमच्याविषयी’ या पानावर हलवतो. एक शंका राहते. मुखपृष्ठावर केळीचे रोजचे भाव दिले, तर लोक नेमाने येतील का?

उत्तर (जळगाव)

भाव रोज न चुकता भरणारी व्यक्ती गटात असेल तर अवश्य द्या, आणि शेजारी तारीख व बाजाराचे नाव ठळक लिहा. तशी व्यक्ती नसेल तर भाव देऊच नका, कारण आठवडाभर जुना भाव पाहिलेला शेतकरी तुमच्या खताच्या वेळापत्रकावरही विश्वास ठेवणार नाही.