आजीच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत खडी फोडल्याचं लिहावं का?

औसेकर:
आषाढात आजीला जाऊन वर्ष होतंय. गाव औसा तालुक्यात, कोरडवाहू काळी रानं. पत्रिकेच्या मागच्या पानावर तिच्याबद्दल चार ओळी छापायच्या आहेत आणि 'तू शिकलेला' म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलंय. काकांनी नमुना पाठवला: प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, धर्मपरायण. मनमिळाऊ! भावकीतल्या निम्म्या बायकांशी आजीचं बोलणं नव्हतं.

मी लिहिलंय ते वेगळं आहे. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा आजोबा आणि ती सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. वडील तान्हे, त्यांची झोळी बाभळीला. रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी), कामावर खायला सुकडी (वाटपाचा कोरडा पिठाळ खाऊ). घरात कणगीच्या तळाशी बियाण्याची मालदांडी ज्वारी होती, ती मात्र तिनं दळू दिली नाही. सासूनं शिव्या घातल्या तरी नाही. पुढच्या साली पाऊस झाला आणि आमची पेरणी घरच्या बियाण्यावर झाली. भावकीत दोन घरांनाही तिनं बी दिलं. (त्यातल्या एकाशी पुढं बांधावरून जुंपली, ती अजून मिटलेली नाही.)

बियाण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. साठवण्याआधी दाणा दाताखाली धरायची. कट् वाजला तर वाळला, दबला तर परत उन्हात. पेरणीच्या तोंडावर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून चुलीशेजारी ठेवायची. मोड किती आले ते मोजून मूठ सैल सोडायची की आवळायची हे ठरायचं. तिफण आजोबा हाकायचे, चाड्यावर (तिफणीत बी सोडायच्या तोंडावर) मूठ तिची.

काका म्हणतात, "खडीचं काढ. सोयरेधायरे वाचणार." काढू का ठेवू?

निलंग्याची लेक:
ठेवा की! माझ्या सासूबाईंनी त्याच साली पाझर तलावावर माती वाहिली. तलाव अजून आहे, गुरं पाणी पितात. रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ ला, अंमल १९७९ पासून. म्हणजे कायदा नंतर आला, या बाया कामावर आधीच उभ्या होत्या. त्यात लाजायचं काय?

आणि येळवशीचं (वेळ अमावास्येच्या रानातल्या जेवणाचं) कसं काय राहिलं हो? आंबिलाचं बिंदगं (मडकं) डोक्यावर घेऊन रानात कोण जायचं? त्या दिवशीच्या भज्जीच्या भाजीत काय काय पडायचं? एवढं तरी येऊ द्या.

बांधावरचा:
काकांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. माझे वडील त्या वर्षी सात वर्षांचे. सुकडीसाठी रांगेत उभं राहिल्याचं शाळेत पोरांनी चिडवलं होतं. आता साठी उलटली, तरी सुकडीचं नाव निघालं की पानावरून उठतात. तुमच्या काकांना आईची लाज वाटत नसेल, त्यांचं स्वतःचंच काहीतरी ठसठसत असेल. आधी त्यांच्याजवळ बसून विचारा, मग छापा.

फेरफार:
पत्रिका लोक जेवून झाल्यावर हात पुसायला वापरतात. सातबाऱ्यावर आजीचं नाव कधी लागलं ते सांगा. शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली. नव्वदच्या दशकापासून ती सरकारी योजनाही आहे: नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. आमच्या भागात किती नवऱ्यांनी दिला ते विचारू नका. आणि आता आजीच्या वारसात आत्या धरल्यात, का हक्कसोड (वाटा सोडल्याचा कागद) करून मोकळे?

औसेकर:
सगळ्यांचे आभार. बांधावरचा, काकांना फोन केला. खडीवर फार बोलले नाहीत, सुकडीवर बोलले. आई कामावर स्वतःच्या वाट्याची खायची नाही, पदराला गाठ मारून घरी आणायची. ती गाठ सोडायच्या आधीच हे आणि मोठी आत्या भांडायला लागायचे. एकदा भांडणात सगळी मातीत सांडली. आई रागावली नाही, सुपात पाखडून निवडत बसली. एवढं सांगून म्हणाले, "खडी राहू दे, हे नको." कुठल्याही पत्रिकेत शोभली असती अशी एकच गोष्ट, पण शब्द दिलाय, छापणार नाही. इथं टाकलीय, काका इथं येत नाहीत.

निलंग्याची लेक, बिंदगं तीच न्यायची, गुडघे गेले तरी सुनेच्या डोक्यावर दिलं नाही. भज्जीत तुरीचे सोले, हरभऱ्याचे आणि वालाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, वरून बेसन. चिंच सगळ्यांपेक्षा जास्त. पाहुणे तोंड वाकडं करून खायचे, पण खायचे.

फेरफार, आजोबांनी जिवंतपणी अर्ज दिला नव्हता. आजोबा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं. आता दोन्ही आत्या वारसनोंदीत आहेत. हक्कसोडीचा विषय काढून झाला. धाकटी तयार आहे. मोठीनं कागद हातात घेऊन पूर्ण वाचला आणि चहा मागवला. सही केलेली नाही.