अनुभव धागा: उन्हाळ्यात समुद्रात-खाडीत उड्या मारणारे मोठे मासे. कोणी काय पाहिलंय?

तापीकाठची
भाचा हर्णैला गेलाय सुटीत. काल रात्री घरच्या ग्रुपवर त्याने एवढीशी क्लिप टाकली. नुसतं पाणी, मग एकदम हातभर काहीतरी चकाकत वर येतं आणि आडवं पडतं. खाली लिहिलंय, "मावशी, शार्क!!"

ते बघून मला सुरतजवळचं डुमस आठवलं. मामा उधन्याला, त्यामुळे मे महिना म्हणजे ताप्ती लाईनची गाडी आणि सुरत. एका संध्याकाळी तापीच्या मुखाकडे असेच मोठाले मासे उसळत होते. एक पडला की जरा पुढे दुसरा. वडील टोमॅटोची भजी खात म्हणाले, "आपल्याच नदीचं पाणी आहे, ओळख दाखवताहेत." मासा कोणता ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही पडलो जळगावकडचे, आमची ओळख कटला-रोहूपर्यंतच.

तर ज्यांनी असं काही पाहिलंय त्यांनी लिहा. कुठे, कसा उडाला, कसा पडला. नाव माहीत असेल तर उत्तम.

भरीतकिंग
भुसावळला ४५ डिग्रीत माणूससुद्धा उड्या मारतो. मासा बिचारा पाण्यात तरी आहे.

मुपो_अमळनेर
बोय आहे तो. नव्वद टक्के.

नोकरीत बदली रेवदंड्याला झाली होती. खोली कुंडलिकेच्या खाडीजवळ, संध्याकाळी करमायचं नाही म्हणून पुलावर जाऊन उभा राहायचो. भरती चढायला लागली की बोयींचा खेळ सुरू. ओळखायची खूण सांगतो: ती एकदा उडून थांबत नाही. एकाच रेषेत दोन-तीन उड्या घेते, आणि बहुतेक वेळा कुशीवर पडते. आवाज चपटा येतो, फट्कन. एका कोळीदादाने पागातून (फेकायच्या जाळ्यातून) काढलेली हातात दिली होती. डोकं वरून चपटं, तोंड बोथट, पाठ करडी, पोट रुपेरी, अंगावर खवल्यांच्या रांगांच्या फिकट रेघा. पाठीवर दोन पर, मध्ये चांगली मोकळी जागा. आणि अंगाला इतकी बुळबुळीत की हातातून सुटून परत पागातच पडली. दादा हसत म्हणाले, "साहेब, ही पाण्यातच थांबत नाही, तुमच्या हातात काय थांबणार!"

जिताडाही तिथलाच, पण तो असा उगाच नाचत नाही. गळाला लागला की मात्र अख्खा बाहेर येतो आणि डोकं झटकतो. त्याची खूण म्हणजे डोक्यामागे पाठ एकदम वर चढलेली असते.

कुरडई_स्पेशल
गच्चीवर कुरडया घातल्यात, कावळे हाकलत वाचतेय. दापोलीला आम्ही सकाळच्या बोटीत गेलो तेव्हा सगळे "मासा मासा" ओरडत होते, बोटवाला म्हणाला डॉल्फिन. मग मासा आणि डॉल्फिन लांबून ओळखायचा कसा?

मुपो_अमळनेर
@कुरडई_स्पेशल शेपूट बघा ताई. माशाची उभी, डॉल्फिनची आडवी. शिवाय डॉल्फिनला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे पाठ हळू, गोलाईत वर येते आणि जवळ असाल तर फुस्स असा आवाज ऐकू येतो. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात त्यांच्या पाठीवर कुबड असतं.

कुरडई_स्पेशल
फुस्स ऐकलं होतं! नवऱ्याला वाटलं बोटीचं इंजिन गेलं.

धुळेकर_आण्णा
भो, आमना गावमा तापी शे, पन उन्हायामा पानी कोठे शे? मासानी उडी मारी ते गारामाच पडी.

भरीतकिंग
आण्णा 😂😂 गाऱ्यात उड्या मारणारा मासाही असतो, निवटी. डुमसच्या चिखलात बघितलीय. बोटभर असते, डोळे डोक्यावर. धाग्यात "मोठे" लिहिलंय म्हणून गप्प होतो.

प्रयोगशाळा_सहायक
उन्हाळ्यातच जास्त का, तर एक कारण प्राणवायू. पाणी तापलं की त्यात तो कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. बोयीच्या घशात वरच्या बाजूला हवा धरून ठेवायची जागा असते, उडी मारून ती हवा घेते असं अभ्यासकांनी मांडलंय. बाकी कारणं नेहमीचीच: मागे मोठा मासा लागणं, अंगावरचे परजीवी झटकणं.
(दहावीचे पेपर तपासतोय, कोणाला सांगू नका.)

तापीकाठची
सर, पेपर तपासा आधी! माझ्या पुतणीचा गठ्ठा असेल त्यात.

नवापूरवाला
खाडी नाही, पण तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्याचं सांगतो. पहाटे पाणी शांत असताना कटला असा वर येतो की डोंगीतला माणूस दचकतो. जाळं ओढायला लागलं की तर बघूच नका, कटला-रोहू जाळ्याच्या वरून उड्या टाकून पळतात. काका जाळ्याचा वरचा दोर हातभर उंच धरायचे ते याचसाठी. मोठा कटला छातीवर आदळला की श्वास अडकतो, गंमत नाही. धरण १९७२ चं, आमच्या आजोबांची जमीन त्यातच गेली. मासे खाताना म्हातारा म्हणायचा, माझ्याच वावरातलं पीक आहे. असो, विषय कुठे गेला.

तापीकाठची
@नवापूरवाला जाऊ द्या कुठेही. हे लिहिलंत ते बरं केलंत.

सासर_मालवण
माहेर चोपडा, सासर मालवण, म्हणजे दोन्हीकडून ऐकून घ्यायला मोकळी. दिरांच्या होडीतून सुरमईची उडी पाहिलीय. आधी पाण्यावर बारीक मासळी शहारल्यासारखी फुटते, वर कुरव पक्षी गोळा होतात, आणि मग एक लांबलचक सरळ उडी, बाणासारखी, तोंडाकडून पाण्यात. बोयीसारखी कुशीवर आपटत नाही. आणि एकदा पाकट! चादरीएवढी चपटी, पाठीवर पांढरे ठिपके, शेपूट चाबकासारखी लांब. पडली पोटावर, आवाज इतका मोठा की धाकटा रडायलाच लागला. उथळ पाण्यात चालताना पाय घासत चाला हो, पाकटीच्या शेपटीला काटा असतो. पावलाची चाहूल लागली की ती बाजूला होते.

भरीतकिंग
चोपड्याची मुलगी सुरमई तळते की शेवभाजी करते?

सासर_मालवण
सोमवारी शेवभाजी. सासूबाई आता माझ्याकडून तिखट मागून घेतात.

कुरडई_स्पेशल
काळा मसाला कुठून मागवता? माझा संपलाय, पावसाळ्याआधी करायचाय. ऊन आहे तोवर मिरच्या वाळवून घ्यायला हव्यात.

सासर_मालवण
आई पाठवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

तापीकाठची
भाच्याची क्लिप परत पाहिली, हळू करून. दोन उड्या आहेत, दुसरी अर्धीच दिसते, दोन्ही वेळा कुशीवर. बोयच. त्याला कळवलं तर म्हणतो, "शाळेत मी शार्कच सांगणार."

धुळेकर_आण्णा
सांगू दे भो. हर्णैला जायचं कसं पन? धुळ्याहून कोणी गेलंय का?

मुपो_अमळनेर
ठाण्याला या, तिथून कोकण रेल्वेची गाडी, खेडला उतरायचं, पुढे दापोलीची एसटी. पण महिनाअखेरीच्या आत जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मग बंदरावरचा लिलावही नाही आणि ताजी मासळीही फारशी नाही.

धुळेकर_आण्णा
म्हंजे तिकीट आजच काढनं पडी. बायकोले विचारस आनि सांगस.