वेब डिझाइनची डिग्री करावी का? (देवगड, बारावी कॉमर्स)

कातळावरची:
नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, यंदा बारावी झाले. आमची हापूसची कलमं आहेत. गेल्या हंगामात पेट्यांच्या ऑर्डरी घ्यायला मी व्हिडिओ बघून एक साधी साइट केली आणि ओळखीपलीकडची १७ गिऱ्हाइकं आली. तेव्हापासून हेच शिकायचंय. बाबा म्हणतात, "ह्यां शिकान मेळतला काय?" मुंबईत एका खासगी संस्थेत वेब आणि डिजिटल मीडियाची डिग्री आहे, पण फी ऐकून आई गप्पच झाली. नाहीतर घरी राहून बी.कॉम. आणि सोबत सहा महिन्यांचा क्लास. या वाटेने कोणी गेलं असेल तर सांगा.

पडवी:
मी गुहागरची. डिग्री करून या कामात १३ वर्षं झाली.

आमचं दुसरं वर्ष निम्मं फ्लॅश, म्हणजे साइटवर हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर, शिकण्यात गेलं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने फ्लॅशच बंद केलं. माझी तेव्हाची कामं आज माझ्याच लॅपटॉपवर उघडत नाहीत. जगातलं पहिलं वेबपान मात्र १९९१ चं, एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या साध्या भाषेतलं, ते अजून फोनवर उघडतं. म्हणून अभ्यासक्रम हातात आला की बघ, नुसती सॉफ्टवेअरांची नावं आहेत की एचटीएमएल आणि तिच्या जोडीच्या सीएसएस, जावास्क्रिप्ट या भाषा हाताने लिहून घेतात.

तरी मी डिग्री कर म्हणेन, आणि ते आमच्या एका मॅडममुळे. वेळणेश्वरला माझ्या मामांचं होमस्टे आहे, त्याची साइट मी प्रोजेक्टला केली होती. वर मोठ्या अक्षरात 'वेळणेश्वर', आणि ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं. मॅडमनी ते पडद्यावर मोठं केलं आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचायला गेले तर शिरोरेषा जागोजागी तुटलेली, प्रत्येक अक्षर एकेकटं उभं. इंग्रजी शीर्षकाला शोभणारी ती युक्ती आपला शब्दच मोडते. मग त्यांनी खालचा परिच्छेद दाखवला. ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकत होते. व्हिडिओत हे मला कुठे भेटलं नव्हतं, कारण ते व्हिडिओ देवनागरी डोळ्यासमोर ठेवून केलेलेच नसतात. आपलं काम असं चारचौघांत बघणारं माणूस मिळत असेल, तर फीचा विचार करावा. फक्त प्रमाणपत्र मिळणार असेल तर नको.

बंदरकाठ:
मी दापोलीचा, डिग्री नाही, क्लास करून शिकलो. पोट भरतं, पण खड्डे राहिले. हर्णैच्या मच्छी व्यापाऱ्यांसाठी दरांचं पान केलं होतं, फिकट राखाडी अक्षरात. संध्याकाळच्या लिलावाला समुद्राकडून ऊन थेट तोंडावर येतं, तिथे फोनवर एक आकडा दिसेना. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ हवा, असं डब्ल्यूसीएजीत, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या जागतिक नियमावलीत, लिहिलंय, हे मला चार वर्षांनी कळलं. चांगल्या कॉलेजात ते पहिल्या वर्षीच शिकवतात.

आणि ताई, मुंबई आयआयटीत चार वर्षांचं बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, आहे. त्याच्या यूसीड या प्रवेश परीक्षेला बारावीची कुठलीही शाखा चालते. मला हे तुझ्या वयात कोणी सांगितलं नाही. वर्ष गेलं तरी एकदा देऊन बघ.

कातळावरची:
ताई, दादा, खूप आभार. आत्ता माझी साइट उघडली. 'देवगड हापूस' मीही असंच पसरून ठेवलेलं! वर्षभर रोज बघत होते, दिसलंच नाही. लेटर-स्पेसिंग काढलं. त्या संस्थेत जाऊन नेमकं काय विचारू?

पडवी:
गेल्या वर्षीच्या मुलांच्या साइटींचे पत्ते माग. त्यांच्या कॉम्प्युटरवर नको, स्वतःच्या फोनवर उघड. त्यातली एक तरी मराठीत आहे का बघ. आणि शिकवणाऱ्यांना तुझी पेट्यांची साइट दाखव. ते काय बोलतात ते नीट ऐक.

कातळावरची:
शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. बाबापण येतायत. म्हणाले, "साइट मी दाखवतंय, आंबो माझो."