उन्हाळ्यात गच्चीवर ऐकण्यासाठी आणखी तीन सीडी सुचवाव्यात (मर्यादा १५०० रुपये)

बोरीकाठ (अमळनेर) :
नमस्कार. मे महिन्यात आमच्या घरात रात्री दहापर्यंत बसवत नाही. त्यामुळे जेवणे आटोपली की अंथरुणांबरोबर मी माझा जुना सीडी प्लेअर आणि दोन लहान स्पीकरही गच्चीवर नेतो. गेल्या तीन आठवड्यांत तेथे चार ध्वनिमुद्रिका सलग, मोबाइल खाली ठेवून ऐकल्या. त्यांच्याविषयी काय वाटले ते आधी लिहितो, म्हणजे माझी आवड ध्यानात घेऊन पुढचे सुचवणे आपल्याला सोपे जाईल.

उस्ताद अमीर खाँ यांची १९६० सालची मारवा आणि दरबारी ही ध्वनिमुद्रिका मी सर्वाधिक वेळा ऐकली. मारव्यात पंचम (प) नसतो हे पुस्तकातून ठाऊक होते, परंतु षड्ज (सा) असूनही नसल्यासारखा ठेवता येतो हे येथे कळले. खाँसाहेब कोमल रिषभावर (रे) थांबतात, आता षड्जाच्या घरात शिरतील असे वाटते, आणि ते उंबऱ्यावरूनच मागे फिरतात. झुमरा तालाच्या १४ मात्रा इतक्या संथ चालतात की अंधारात तांब्या शोधून, पेलाभर पाणी पिऊन झाले तरी सम (तालाची पहिली मात्रा) यायचीच असते. पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवरून आईने विचारले, "हाऊ माणूस गाई राहिना का रडी राहिना?" मला उत्तर सुचले नाही.

किशोरीताई आमोणकरांच्या मूळ एलपीत (मोठ्या तबकडीत) एका बाजूस भूप आणि दुसऱ्या बाजूस बागेश्री होती. भूपाविषयी मी वेगळे काय लिहिणार? पण मला बागेश्री अधिक जवळची वाटली, हे येथे लिहिण्याचे धाडस करतो. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकताना आवाजापेक्षा तंबोऱ्यांकडेच लक्ष जात राहिले. ते स्वर लावतात आणि एकाएकी सोडून देतात, व त्या मोकळ्या जागेत तंबोरे बोलू लागतात. चौथी 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि ब्रिजभूषण काब्रा (गिटार), तिघेही थोर, परंतु मला ती बासुंदीसारखी वाटली. दुसरी वाटी घ्यावीशी वाटली नाही.

तर याच वळणाच्या तीन सीडी सुचवाव्यात. चित्रपटगीते नकोत, आणि उठबस टळावी म्हणून एकेक राग निदान २० मिनिटे चालणारा असावा. आईची झोप हलकी असल्याने आवाज लहान ठेवावा लागतो, तोही विचार व्हावा. तिन्ही मिळून १५०० रुपये.

केळीबाग (रावेर) :
आपण सीडीचा नाद सोडावा, असे मी स्वानुभवावरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी केळीला भाव बरा मिळाला, तेव्हा मी ४५ हजारांचा टर्नटेबल, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला शोभतील असे स्पीकर घेतले. त्यावर मारव्याची जुनी एलपी लावली, तेव्हा मी आजवर जे ऐकत होतो ती मारव्याची झेरॉक्स होती हे उमगले. १५०० रुपयांत चांगली सुईसुद्धा येत नाही, त्यामुळे आपण थोडे थांबून मोठी खरेदी करावी, हे उत्तम.

जंक्शन (भुसावळ) :
केळीबाग यांच्याकडे बहुधा थंडगार खोली असावी. मी मुंबईहून दोन एलपी आणल्या आणि स्टेशनाबाहेर उभ्या केलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून अर्धा तास एका कामाला गेलो. बाहेर ४५ अंश होते, बंद गाडीत त्याहून किती तरी अधिक झाले असणार. एलपीचे व्हिनाइल (प्लास्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, हे मला त्या दिवशी दुपारी कळले. परतलो तेव्हा एक एलपी भाजलेल्या उडदाच्या पापडासारखी कडेने वर उचलली होती. ती आजही वाजते, पण सुई प्रत्येक फेऱ्यात एकदा टेकडी चढते आणि भैरवीला उचकी लागते. खानदेशात राहणाऱ्याने सीडीच घ्यावी. 'कॉल ऑफ द व्हॅली'ला नावे ठेवलेली मात्र आवडली नाहीत.

पांझराकाठ (धुळे) :
बोरीकाठ यांनी दोन गोष्टी वेळ चुकवून ऐकल्या आहेत, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस कल्पिलेला आहे, म्हणून तिची सुरुवात अहिर भैरवाने होते, मग नट भैरव येतो आणि शेवट पहाडीने होतो. सकाळचे राग रात्री दहाला ऐकून बासुंदी गोड लागली अशी तक्रार कशी करता येईल? ती पहाटे, डोळे नुकते उघडलेले असताना लावून पाहावी. मारवाही सूर्यास्ताचा राग आहे. आपण तो अंधार पडल्यावर ऐकता, तेव्हा त्यातली हुरहुर संपून केवळ खिन्नता उरते.

सुचवायचे तर कुमारांचेच आणखी सुचवेन. कुमारांचे देवास आपल्याला परके नाही. धुळ्याहून आग्रा रोडला लागले की शिरपूर, सेंधवा, इंदूर आणि पुढे देवास. त्यांनी वसुंधराताईंसह गायलेली कबीर, सूरदास आणि मीरेची भजने 'त्रिवेणी' या नावाने मिळतात. ती २० मिनिटांची नाहीत, पण ही अट कुमारांना लावू नये.

केळीबाग (रावेर) :
गाडीत एलपी विसरणे हा एलपीचा दोष नव्हे. माझ्याकडे आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या मुद्रिकादेखील आहेत आणि त्या एकाही उन्हाळ्यात वाकलेल्या नाहीत. शिवाय मानवाने आपला आवाज अंतराळात पाठवला तो मुद्रिकेवरच. १९७७ च्या व्हॉयेजर यानावरील तबकडीत गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, आणि ती सीडीवर पाठवलेली नाही.

पांझराकाठ (धुळे) :
१९७७ साली सीडी बाजारात आलीच नव्हती, त्यामुळे हा दाखला टिकत नाही. ती तबकडी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची असून मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी फिरवावी लागते. आपल्या ४५ हजारांच्या टर्नटेबलवर बहुधा ३३⅓ आणि ४५ असे दोनच वेग असतील, म्हणजे ती आपल्याला मिळाली तरी वाजणार नाही. दुसरे असे की ७८ च्या मुद्रिकेची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीच्या सुईने त्या वाजवत असाल तर सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि खरखरच अधिक ऐकू येते. आजोबांच्या ठेव्यासाठी वेगळी सुई घ्यावी.

मेहरूण (जळगाव) :
प्रश्न तीन सीडींचा होता, याची सर्वांना आठवण करून देतो. पंडित निखिल बॅनर्जी यांची सतार शोधावी; लहान आवाजातही तिचा आलाप विरत नाही आणि राग सावकाश उलगडतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे जयपूर-अत्रौली घराण्याचे गायनही किशोरीताई आवडणाऱ्याला आवडेल, मात्र ते मारव्यातल्या खाँसाहेबांसारखे वाट पाहायला लावत नाहीत, लगेच गाभ्याला हात घालतात. जानेवारीत आमच्याकडे बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तेव्हा बाहेरगावचे रसिक गाठून मी सीडींच्या अनेक अदलाबदली केल्या आहेत.

जुनी सीडी घेताना ती दिव्यासमोर धरून आरपार पाहावी. चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ती नाकारावी. खालच्या चकचकीत बाजूवरील बारीक ओरखड्यांना इतके भिऊ नये. मी हे न पाहता एका दुकानातून सात सीडी एकगठ्ठा घेतल्या आणि त्यांतल्या तीन मध्येच अडतात. आणखी एक, गच्चीवर भिंती नसल्याने खालचे स्वर पसरून जातात. स्पीकर मध्यभागी न ठेवता कठड्याच्या कोपऱ्यात, कठड्याला जवळजवळ टेकवून ठेवावेत. तंबोरा भरल्यासारखा वाटेल आणि आवाजही वाढवावा लागणार नाही.

जंक्शन (भुसावळ) :
एक महत्त्वाची गोष्ट कोणाच्याही ध्यानात आलेली दिसत नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली' सकाळी ऐकायची असते.

बोरीकाठ (अमळनेर) :
सर्वांचे आभार. मेहरूण यांच्या सांगण्यावरून स्पीकर कठड्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि दरबारीतला आंदोलित (झुलता) गंधार पहिल्यांदा छातीत जाणवला. मारवा सूर्यास्ताला ऐकण्याचाही प्रयत्न केला, परंतु सात वाजता आमचा स्लॅब इतका तापलेला असतो की दोन बादल्या पाणी ओतले तरी पाय ठेववत नाही. खाँसाहेब रात्रीच ऐकले जातील, थोडे खिन्न वाटले तरी चालेल. पहाटेचा अहिर भैरव पाहिला. बासुंदी ती बासुंदीच.

आता खरेदीविषयी. निखिल बॅनर्जी मी नंतर नक्की घेईन. परंतु व्हॉयेजरचा वाद वाचून ती केसरबाईंची भैरवी मी मोबाइलवर सहज लावून पाहिली. साडेतीन मिनिटांचे गाणे, त्यातही खरखर. ते संपले तेव्हा आई खाटेवर उठून बसली होती आणि "परत लाव" म्हणाली. त्या रात्री ते मी चार वेळा लावले.

म्हणून जुन्या ७८ च्या मुद्रिकांवरून केलेली केसरबाईंची एकच सीडी २५० रुपयांना मागवली आहे. तिच्यातला एकही राग २० मिनिटांचा नाही, ही अट माझीच होती आणि ती मीच मोडली. उरलेल्या पैशांतून खालच्या खोलीतून गच्चीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल अशी १५ मीटरची वायर घेतली. आधीची वायर जिन्याच्या दारातच संपत होती.

केळीबाग (रावेर) :
केसरबाई ७८ वरच ऐकाव्यात, सीडीवर त्या निम्म्याच राहतात. एकदा रावेरला यावे, ऐकवतो. सुई मागवली आहे.