ओपन थ्री आणि तोंडावर हात असलेला थ्री, टक्केवारी सारखीच कशी?

मल्हारगंज_७
इंदूरच्या रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समधल्या मॅचेसचे व्हिडिओ बघून सीनियर मुलांच्या थ्रीची (रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची) वही ठेवतोय. रकाने दोनच, 'ओपन' आणि 'हात समोर'. एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) आकड्यांमध्ये सगळ्यांत जवळचा डिफेंडर किती लांब आहे त्यावरून चार गट असतात: ० ते २ फूट, २ ते ४, ४ ते ६ आणि ६ च्या पुढे. तिथे मोकळ्या शॉटची टक्केवारी उघड वर दिसते. आमच्या वहीत मात्र दोन्ही रकाने ३६ च्या आसपास. मग धावत जाऊन हात वर करण्याने काही फरकच पडत नाही का? आणि कॉर्नरचा (बेसलाइनजवळच्या कोपऱ्यातला) थ्री सोपा म्हणतात तो फक्त अंतर कमी म्हणून का?

स्कोअरशीट
फरक पडतो, तुमच्या बेरजेत तो बुडालाय. मोकळा शॉट कोणाला मिळतो ते आधी बघा. डिफेन्स ज्याला घाबरत नाही त्याला सोडतो, चांगल्या शूटरच्या अंगाला चिकटून राहतो. म्हणजे 'ओपन' रकान्यात कच्चे शूटर जास्त भरतात आणि 'हात समोर' मध्ये पक्के.

समजा दोनच शूटर आहेत. पक्क्याने ओपन ४० पैकी १८ घातले (४५%), हात समोर असताना १०० पैकी ३८ (३८%). कच्च्याने ओपन ११० पैकी ३६ (साधारण ३३%), हात समोर असताना २० पैकी ५ (२५%). दोघांचीही टक्केवारी हात आला की सात-आठ टक्क्यांनी उतरली. आता उभी बेरीज करा. ओपन १५० पैकी ५४, म्हणजे ३६%. हात समोर १२० पैकी ४३, म्हणजे ३५.८%. फरक गायब! तेव्हा पान शूटरच्या नावाने करा आणि तुलना त्याची त्याच्याशीच करा. संघाच्या एका आकड्यावरून डिफेन्सचा निकाल लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रकानेही दोन पुरणार नाहीत. निदान एवढे हवेत: जागा (कॉर्नर, विंग म्हणजे तिरकी बाजू, टॉप म्हणजे रिंगच्या समोर), बॉल हातात येताच मारला की ड्रिबल करून, डिफेंडर किती लांब, शॉट क्लॉकवर (शॉट मारायच्या मुदतीच्या घड्याळावर) किती सेकंद उरले, आणि चुकला तर कुठे: शॉर्ट, लांब, डावीकडे, उजवीकडे. ड्रिबलचा रकाना विसरू नका. एनबीएत पास घेऊन लगेच मारलेले थ्री ड्रिबलनंतरच्या थ्रीपेक्षा वर्षानुवर्षे जास्त पडत आलेत. ड्रिबलनंतर अंगाचा वेग आडवा असतो, तो थांबवून वर वळवायचा असतो, आणि बॉल एका हातातून शूटिंगच्या पकडीत आणायचा असतो. पासवर पाय आधीच लागलेले असतात.

क्लॉकचं म्हणाल तर शेवटच्या चार सेकंदांतले शॉट वाईट जातात, पण दोष घड्याळाचा कमी. तोवर मोकळा माणूस सापडलेला नसतो म्हणूनच शॉट उरलेला असतो. क्वार्टर संपताना अर्ध्या कोर्टावरून फेकलेले बॉल तर वहीत घेऊच नका. एनबीएनेही २०२५-२६ पासून पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटी ३६ फुटांपलीकडून मारलेले असे शॉट खेळाडूच्या नावावर न धरता संघाच्या नावावर धरायला सुरुवात केली.

आर्कवाला
हात समोर आला की नेमकं काय बिघडतं हेही सांगायला हवं. थ्रीला बॉल अडवला जाणं दुर्मीळ. बिघडतो तो बॉलचा कमान-कोन.

रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी, बॉल साधारण २४ सेंमी. बॉल ४५ अंशात उतरला तर त्याला रिंगची फट सुमारे ३२ सेंमी मिळते. ३७ अंशात उतरला तर २७. म्हणजे मोकळी जागा ८ सेंमीवरून ३ सेंमीवर. आता ६.७५ मीटरवरून, जमिनीपासून २.२ मीटर उंचीवर बॉल सुटतो असं धरा. ५२ अंशात सोडला तर तो सुमारे ४६ अंशात उतरतो. ४५ अंशात सोडला तर ३७ मध्ये. हाताला घाबरून घाई झाली की गुडघे पुरते वाकत नाहीत, ताकद खांद्यातून काढावी लागते आणि बॉल सपाट जातो. म्हणून 'शॉर्ट' आणि 'लांब' हे चुकलेल्या शॉटचे रकाने सोन्यासारखे जपा. शेवटच्या क्वार्टरमध्ये मोकळे शॉटही शॉर्ट पडायला लागले तर पाय थकलेत. हात समोर असतानाच शॉर्ट पडतात तर घाई होतेय. दोन्हींवरचा उपाय वेगळा.

डिफेंडरच्या उंचीचीही एक खूण ठेवा. पाच फूट आठच्या मुलाचा चार फुटांवरचा हात आणि सहा फूट पाचवाल्याचा हात एकाच गटात टाकले तर तो रकाना काहीच सांगणार नाही.

बेसलाइन_कॉर्नर
कॉर्नरबद्दल. एनबीएची रेषा समोरून २३ फूट ९ इंच, कॉर्नरला २२ फूट, म्हणजे २१ इंचांचा फरक. तिथे अंतराचा वाटा आहेच. पण आपल्याकडे मॅच फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी होते. रेषा ६.७५ मीटर, कॉर्नरला ६.६० मीटर. पंधराच सेंटिमीटर, अर्ध्या बुटाएवढे! तेव्हा आपल्या कोर्टावर कॉर्नरची टक्केवारी वर दिसली तर श्रेय अंतराला देऊ नका. कॉर्नरमध्ये ड्रिबल करत कोणी शॉट बनवत नाही. तिथला थ्री जवळजवळ नेहमी पासवरचा असतो, आणि डिफेन्स आत ओढला गेल्यावरचा.

तिथला त्रास वेगळा आहे. रेषेपासून साइडलाइनपर्यंत फक्त ९० सेंमी. मोठा बूट ३० सेंमीचा. एक पाय मागे घेऊन बॉल पकडायची सवय असेल तर टाच बाहेर टेकते आणि बॉल समोरच्यांना. शिवाय कॉर्नरवरून बोर्ड कडेने दिसतो. रिंगच्या मागे नजर टेकायला पांढरा चौकोन नाही, लांब गेलेल्या बॉलला बोर्डाचा आधारही नाही. विंगवरचा शूटर पहिल्या आठवड्यात कॉर्नरला चुकतो तो यामुळेच. पाय आधी रोवून, बोटं रिंगकडे ठेवून, बसक्या पवित्र्यात पासची वाट बघायला शिकवा.

मल्हारगंज_७
सगळ्यांचे आभार. आता अंतर मोजायचं कसं? फोन फक्त एक आहे, स्टँडवर. आणि किती शॉट झाले की आकड्यावर विश्वास ठेवायचा?

स्कोअरशीट
कोर्टावरच पट्टी आखलेली आहे. रिंगखालच्या नो-चार्ज अर्धवर्तुळाची त्रिज्या १.२५ मीटर, म्हणजे चार फुटांहून थोडी जास्त. फ्री थ्रोच्या अर्धवर्तुळाची १.८० मीटर, म्हणजे सहा फुटांना जरा कमी. हे दोन अंदाज डोळ्यात बसवा, तीन गट होतात: चारच्या आत, चार ते सहा, सहाच्या बाहेर. चारच्या आतला गट पुन्हा दोन फुटांवर कापायच्या फंदात पडू नका, एका फोनवरून ते नीट दिसत नाही. फोन हाफ-लाइनजवळ आणि जमेल तितका उंच ठेवा. खालून घेतलं की जवळचा डिफेंडर अंगावर असल्यासारखा वाटतो.

मोजायचं बॉल बोटांतून सुटतो त्या फ्रेमला, पकडतो त्या फ्रेमला नाही. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. पास पकडताना आठ फूट मोकळा असलेला शूटर हळू असेल तर बॉल सुटेपर्यंत डिफेंडर चारच्या आत आलेला असतो. दोन्ही फ्रेमचे आकडे लिहिलेत तर आणखी छान, कारण त्यांच्यातल्या फरकावरून तुमच्या शूटरचा हात किती सावकाश आहे ते कळतं.

शॉट किती लागतील? ३६% च्या शूटरचे १०० थ्री घेतले तरी नशिबाने पाच टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं, दहासुद्धा अशक्य नाही. वरच्या उदाहरणातल्या १५० आणि १२० शॉटच्या तुलनेतही फरकाला जवळपास सहा टक्क्यांचा हेलकावा आहे. एका मॅचवरून तर काहीच ठरत नाही. २०१८ च्या एनबीएच्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सने ४४ पैकी ७ थ्री घातले, त्यात सलग २७ चुकले, आणि हा संघ अख्खा सीझन थ्रीवरच उभा होता. तुमच्या मुलांच्या बाबतीत पूर्ण सीझनची वही होईपर्यंत टक्केवारीपेक्षा शॉर्ट-लांबच्या रकान्याकडे आणि प्रत्येकाला शॉट कुठल्या गटातून मिळतात त्याकडे बघा. ते दोन्ही खूप लवकर स्थिर होतात, आणि प्रॅक्टिसमध्ये सुधारताही येतात.