अनुभव धागा: पहिलं मत, आणि मत मिळण्याआधीची वर्षं

जुलै २०२५मध्ये ब्रिटनच्या सरकारने सोळाव्या वर्षापासून मताधिकार देण्याचं जाहीर केलं. ऑस्ट्रियात तो २००७पासून आहे. आपल्याकडे एकविसाची अट अठरावर आली ती ६१व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ला. वय किती असावं यावर वाद पुष्कळ होतात. इथे मला अनुभव हवे आहेत. मत नव्हतं तेव्हा तुम्ही गावासाठी, शहरासाठी काय करत होता? कोणी ऐकून घेतलं का? पहिलं मत कसं मिळालं? माझं म्हणणं आधीच सांगते: अठराव्या वाढदिवशी कोणी एकदम नागरिक होत नाही. त्याची सुरुवात फार आधी व्हावी लागते. लिहा.

पेडणे, गोवा (आजोबांनी सांगितलं, मी टाइप केलं)

माझा जन्म १९४८चा. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. मी फुलाच्या बाजूचा. आम्ही पोरं वाड्यावाड्यांवर फिरायचो, भिंतींवर फूल काढायचो, वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना दोन्ही चिन्हं दाखवून मत कसं द्यायचं ते समजावायचो. मतदानाच्या दिवशी आजीला केंद्रावर मीच नेलं आणि बाहेर थांबलो, कारण मताला तेव्हा एकवीस वर्षं लागत.

कौल दोन पानांच्या बाजूने गेला, सुमारे चौतीस हजारांच्या फरकाने. तो मी मानला. १९८७ला गोवा राज्य झालं तेव्हा आनंदही झाला. पण एक गोष्ट अजून सलते. आमदार पाच वर्षांनी बदलता येतो. हा प्रश्न एकदाच विचारला गेला. ज्या भूमीत आमच्या वयाच्या पोरांना अख्खं आयुष्य काढायचं होतं, तिच्याबद्दल आम्हालाच कोणी विचारलं नाही.

एडिनबरा

पेडण्याच्या आजोबांचं वाचलं आणि राहवलं नाही. १८ सप्टेंबर २०१४ला स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावं का यावर इथे सार्वमत झालं, आणि त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. आमचे पासपोर्ट भारतीय. पण राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असतील तर त्यांना मत असतं. त्यामुळे आम्ही दोघं आणि सोळा वर्षांची लेक, तिघांचीही नावं यादीत.

त्या उन्हाळ्यात जेवताना दुसरा विषय नसायचा. पौंड राहणार का, पेन्शनचं काय, युरोपीय संघाचं काय? प्रश्न ती शाळेतून आणायची आणि उत्तरं शोधताना आमची धांदल व्हायची. खरं सांगते, ती नसती तर मी सरकारची पुस्तिका उघडूनही पाहिली नसती. तिचे बाबा ‘नाही’चे, ती ‘हो’ची. शेवटपर्यंत कोणी कोणाला पटवू शकलं नाही, पण केंद्रावर तिघंही बरोबर गेलो. मतदान जवळपास पंच्याऐंशी टक्के झालं आणि पंचावन्न टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं.

पुढच्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेची निवडणूक आली. ती सतरा वर्षांची, आणि मत नाही! देश वेगळा करायचा का हे ठरवण्याइतकी मोठी, पण खासदार निवडायला लहान. उमेदवारांच्या सभेत तिने उभं राहून हेच विचारलं. स्कॉटिश संसदेसाठी सोळाची अट त्याच वर्षी कायद्याने आली. तिच्या धाकट्या भावाला हा प्रश्न पडलाच नाही.

पुणे

माझं अगदी थोडक्यात. जन्म ५ जानेवारी २००१. २०१९ची लोकसभा आणि ऑक्टोबरमधली विधानसभा, दोन्हींना मी अठरा पूर्ण केलेली, पण नाव यादीत नाही. कारण १ जानेवारीला अठरा पूर्ण असणाऱ्यांचीच नावं घेत. चार दिवसांनी हुकलं. आमदार-खासदारांसाठी माझं पहिलं मत २०२४ला, तेविसाव्या वर्षी.

माण तालुका, सातारा

नववीत असताना आम्ही गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायला लागलो. दोरीला दगड बांधून दर पंधरवड्याला मोजायचं आणि वहीत लिहायचं. सरांनी पद्धत दाखवली, बाकी सगळं आमचं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सर वही घेऊन गेले, मागोमाग आम्ही. ग्रामसभेचे सभासद म्हणजे मतदार यादीतली माणसं, म्हणून आम्ही भिंतीला टेकून उभे.

वरच्या शिवारातल्या विहिरी इतक्या लवकर कशा आटल्या, असं कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, ज्यांनी मोजलंय त्यांनाच विचारा. माझी मैत्रीण पुढे झाली आणि महिन्यांप्रमाणे आकडे वाचत गेली. त्या शिवारात नवी बोअर तिच्याच चुलत्याने घेतली होती, आणि ते समोर बसले होते. तिने कोणाचं नाव घेतलं नाही, पण आकडा एकही गाळला नाही. तिथे आणखी बोअर घ्यायची नाही असा ठराव झाला. तो पुरता पाळला गेला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर पाण्याचा विषय निघाला की सभेत मुलांची वही मागवायचे. एकवीस पूर्ण झाली की ती मैत्रीण ग्रामपंचायतीला उभी राहणार आहे.

लातूर

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. सोळा नको, असं माझं ठाम मत आहे. निवडणूक लागली की अकरावीचा वर्ग ओस पडतो. प्रचारफेरीत मोटारसायकली, गळ्यात उपरणं, पेट्रोल आणि रात्रीचं जेवण. ज्यांच्या वडिलांची नोकरी पुढाऱ्याच्या संस्थेत, त्या मुलांना नाही म्हणता येत नाही. हातात मत आलं तर हा दबाव आणखी वाढेल.

धागाकर्ती

सर, पण मत नसतानाही ती राबवली जातातच ना?

लातूर

हो. म्हणूनच निवडणुकीच्या वेळी मी वर्गात उमेदवारांची शपथपत्रं वाचून घेतो. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात असतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. गेल्या वेळी दोन मुलांनी फेरीला जाणं आपणहून सोडलं. वय कमी करण्याआधी हे सगळ्या वर्गांत व्हावं.

परभणी जिल्हा

मी अंगणवाडी सेविका, बीएलओचं, म्हणजे आपल्या भागातली मतदार यादी सांभाळण्याचं, कामही करते. पुण्याच्या ताईंचं झालं तसं आता होत नाही. २०२२पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांची पहिली तारीख धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांचा नमुना ६, म्हणजे यादीत नवीन नाव घालायचा फॉर्म, आगाऊ भरून घेता येतो. मुलांचे फॉर्म येतात. मुलींच्या घरी उत्तर ठरलेलं असतं, “लग्न झाल्यावर सासरी घालू नाव.” मी मुलीलाच ओट्यावर बोलावते आणि फॉर्म तिच्याकडून भरून घेते. दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेला चालतं. लग्नानंतर नमुना ८ भरून नाव सासरच्या गावी नेता येतं, एवढं सांगितलं की बहुतेक वडील अडवत नाहीत.