सिरपूर तलाव पॉलिगॉनच्या कॉलममध्ये जात नाहीये, मदत हवी आहे

पोहे_जिरावन:
मंडळी, कालपासून अडकलोय आणि सोमवारी डेमो आहे. इंदूरचे तलाव आमच्या प्लॅटफॉर्मवर चढवतोय, बिलावली गेला, पिपल्यापाला गेला, सिरपूरला येऊन इम्पोर्ट आपटला. टाइप जुळत नाही म्हणतो. आधीच्या माणसाने सगळं पॉलिगॉन, म्हणजे एक बंद आकार, धरून बनवलंय आणि तो आता फोन उचलत नाही. काय करू?

जुना_कोडवाला:
डेटाबेस कुठला? फाइल कसली? "आपटला" वरून काय कळणार भिया, एरर जशीच्या तशी टाका.

पोहे_जिरावन:
पोस्टजीआयएसच हो, अजून काय. नकाशाच्या आकारांची शेपफाइल आहे. एरर: जॉमेट्री टाइप मल्टिपॉलिगॉन, कॉलम पॉलिगॉन.

मोंगोभक्त:
मोंगोडीबी डेटाबेसमध्ये टाका, कुठलाही टाइप घेतो, कटकट नाही.

जुना_कोडवाला:
डेमो सोमवारी आहे आणि हे डेटाबेस बदलायला सांगतायत!
ऐका, शेपफाइलमध्ये पॉलिगॉन (एक तुकडा) आणि मल्टिपॉलिगॉन (अनेक तुकडे) असा भेदच नसतो, एका रेकॉर्डमध्ये कितीही तुकडे चालतात. छोटा सिरपूर आणि मोठा सिरपूर तुमच्याकडे एकाच रेकॉर्डमध्ये असणार, झाला मल्टी. कॉलम मल्टिपॉलिगॉन करा, पण नुसता टाइप बदललात तर जुन्या ओळी अडतील, बदलतानाच यूझिंग लावून त्यात एसटी_मल्टी द्या, ते एका तुकड्यालाही मल्टी करतं. नवीन ओळी टाकतानाही तेच.

रेवा_काकू:
मी तर कॉलम साधा जॉमेट्रीच ठेवते, कुठलाही आकार चालतो. उद्या साहेब म्हणतील कान्ह नदीची लाइन टाका, परवा घाटाचा पॉइंट.

जुना_कोडवाला:
आणि मग शेपफाइल परत मागितली की? एका फाइलमध्ये एकच प्रकार बसतो, तेव्हा चाळत बसा.

बडोदेकर:
आमच्या सूरसागरात मधोमध महादेवाची मूर्ती आहे, तो चौथरा वजा केला नाही म्हणून माझं क्षेत्रफळ जास्त येत होतं. तुमचंही तेच असेल.

रेवा_काकू:
अहो ते भोक झालं, आतली रिंग. भोक असलं तरी पॉलिगॉन एकच. ह्यांचे तुकडे दोन आहेत.

ग्वाल्हेरी_बाणा:
यूटीएम झोन, म्हणजे नकाशाचा रेखांशाचा पट्टा, बघा, आम्ही ४४ लावतो.

जुना_कोडवाला:
इंदूर ४३ मध्ये येतं, ७८ रेखांशाच्या अलीकडे. आणि झोनचा इथे संबंध काय?

पोहे_जिरावन:
डेटा कॉलममध्ये गेला! पण आता नकाशावर बिलावलीपण दिसेना, आधी दिसत होता!! असं कसं?

रेवा_काकू:
सगळेच मल्टी केलेत ना, मग कोऑर्डिनेट्स एक कंस आत गेले. स्क्रीनवर काढताय कशाने?

पोहे_जिरावन:
लीफलेट, वेबवर नकाशा दाखवणारी लायब्ररी. कोऑर्डिनेट्समधून पहिली रिंग (बाहेरची कड) उचलून पॉलिगॉन काढतो, त्या आधीच्या माणसानेच लिहिलंय.

रेवा_काकू:
हे आधी सांगायचं ना बाळा. रिंग उचलू नकोस, अख्खं जिओजेसन (आकार आणि कोऑर्डिनेट्सचा मजकूर) दे, मल्टी लीफलेट स्वतः समजतं.

पोहे_जिरावन:
आले सगळे. सिरपूरचे दोन्ही तुकडेपण. काकू, सराफ्यात गराडू माझ्याकडून.

ग्वाल्हेरी_बाणा:
पण झोन ४३ च ना नक्की?